एका उड्डाणात दोन सूर्योदय

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि ऑस्ट्रेलियाचा इंग्लंडशी असलेला हवाई संबंध तुटला. जहाजांची वाट उरली होती, पण ती कित्येक आठवड्यांची आणि पाणबुड्यांच्या टप्प्यातून जाणारी. सैन्याधिकाऱ्यांचे हुकूम, सरकारी खलिते, आघाडीवरच्या सैनिकांची पत्रे, सगळे तिच्यावरच सोपवावे लागणार होते. पुढे सव्वा वर्षाहून अधिक काळ ही परिस्थिती टिकली. नंतर पर्थ शहरातल्या स्वान नदीतून एक विमान उठले आणि वाटेत कुठेही न टेकता हिंदी महासागर ओलांडून श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळच्या कोग्गला तळ्यात उतरले. नकाशावर सर्वांत जवळच्या वाटेने हे अंतर सुमारे ५६५० किलोमीटर आहे. आजचे जेट विमान ते सात तासांच्या आसपास कापेल. त्या विमानांना २७ ते ३३ तास लागत. प्रवाशांना घेऊन नियमित चालणाऱ्या सेवेतली इतका वेळ हवेत राहणारी विमानांची उड्डाणे त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही झालेली नाहीत.

हे साहस का करावे लागले हे कळण्यासाठी तुटलेला रस्ता आधी कसा होता ते पाहायला हवे.

इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया विमानाने पहिल्यांदा गेले ते रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ. सोबत बेनेट आणि शायर्स हे दोन मेकॅनिक होते. १२ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लोहून निघालेले त्यांचे व्हिकर्स व्हिमी विमान १० डिसेंबरला डार्विनला पोचले. ऑस्ट्रेलियन सरकारने जाहीर केलेले दहा हजार पौंडांचे बक्षीस त्यांना मिळाले. वाटेत कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असे मुक्काम करत ते आले होते. पुढची वीस वर्षे या मार्गाची घडण तीच राहिली. विमानाच्या टाकीत पेट्रोल थोडे, म्हणून काहीशे किलोमीटरांवर थांबा, आणि हा रस्ता भारतातून जाणार हे ठरलेले.

१९२९ साली ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची सेवा सुरू केली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तिथे उतरलेली टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आणली, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्याच कराचीतून मुख्य मार्ग पुढे पूर्वेकडे सरकत गेला. १९३४ मध्ये इम्पीरियल एअरवेज आणि ऑस्ट्रेलियाची क्वांटास यांनी मिळून भागीदारीतली कंपनी काढली, आणि १९३५ साली ब्रिस्बेन ते लंडन हा प्रवास विमानाने साडेबारा दिवसांत करण्याची सोय झाली. १९३८ मध्ये मोठी एम्पायर फ्लाइंग बोट आली. ही विमाने धावपट्टीऐवजी पाण्यावर उतरत. सिडनीच्या रोझ बे बंदरातून निघायचे आणि नऊ-दहा दिवसांनी साउदॅम्प्टनच्या बंदरात उतरायचे. वाटेत सिंगापूर, पेनांग, बँकॉक, रंगून, कलकत्ता, अलाहाबाद. मग शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातले तळे, मेवाडमधला राजसमंद, त्यानंतर कराची आणि इराणचे आखात. रात्री प्रवासी जमिनीवर उतरून हॉटेलात झोपत आणि पहाटे पुन्हा विमानात बसत. दोन टोकांमधले अंतर एकवीस हजार किलोमीटरांच्या आसपासचे, पण कुठल्याही एका उड्डाणात वैमानिकाला त्याचा छोटासाच तुकडा कापायचा असे.

युद्धात या साखळीच्या कड्या एकेक करून तुटत गेल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रावरची वाट बंद झाली. तेव्हा इंग्लंडची टपाल जहाजाने दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला जाऊ लागली. तिथून फ्लाइंग बोटी ती पूर्व आफ्रिका, कैरो, कराची, कलकत्ता, सिंगापूर असे भलेमोठे अर्धवर्तुळ करून सिडनीला नेत. घोड्याच्या नालासारखा आकार म्हणून या मार्गाला हॉर्सशू रूट हेच नाव पडले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि या नालाचे पूर्वेकडचे टोकही खचू लागले. ३० जानेवारी १९४२ रोजी तिमोरमधल्या कुपांगकडे निघालेली क्वांटासची ‘कोरिओ’ ही फ्लाइंग बोट जपानी लढाऊ विमानांनी पाडली. तिचा कप्तान ऑब्रे कॉख जखमी अवस्थेत पोहून किनाऱ्याला लागला. फेब्रुवारीच्या अखेरीस ‘सर्सी’ जावा ते ऑस्ट्रेलियातले ब्रूम या वाटेवर नाहीशी झाली. ३ मार्चला खुद्द ब्रूमच्या बंदरावर हल्ला झाला. जावामधून निसटून आलेल्या डच कुटुंबांनी भरलेल्या फ्लाइंग बोटी तिथे पाण्यावर उभ्या होत्या. त्या जागच्या जागी पेटल्या आणि त्यांतल्या बायकामुलांसह ऐंशीहून अधिक माणसे मेली. क्वांटासची ‘कोरिना’ तिथेच जळाली.

आता इंग्लंडकडे जायचे तर उत्तरेची वाट बंद होती. पश्चिमेला मात्र हजारो किलोमीटर पसरलेला हिंदी महासागर होता.

त्या महासागरावरून वाट निघू शकते, हे युद्धाच्या तोंडावर एकाने ताडले होते. पी. जी. टेलर हा ऑस्ट्रेलियन नॅव्हिगेटर आणि वैमानिक जून १९३९ मध्ये अमेरिकन संशोधक रिचर्ड आर्चबोल्डच्या ‘गुबा’ नावाच्या फ्लाइंग बोटीतून ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंडहून निघाला आणि कोकोस बेटे, दिएगो गार्सिया असे टप्पे घेत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाला पोचला. सिंगापूरची वाट उद्या बंद झाली तर दुसरी कुठली, या प्रश्नाचे उत्तर शोधणारा हा प्रवास होता. पण १९४२ मध्ये बेटांचा आधारही धड उरला नाही. ख्रिसमस बेट जपान्यांनी घेतले होते, अंदमान घेतले होते, सुमात्रात त्यांचे विमानतळ होते. कोकोसवर जहाजे-विमाने नेमाने थांबू लागली असती तर शत्रूचे लक्ष तिकडे गेलेच असते. म्हणून वाटेत थांबायचेच नाही, असे ठरले.

पलीकडचे टोक म्हणजे कोग्गला, गॉल शहराच्या पूर्वेला किनाऱ्यालगतचे तळे. ब्रिटिश हवाईदलाचा फ्लाइंग बोटींचा तळ तिथे होता. ४ एप्रिल १९४२ रोजी याच तळ्यातून उठलेल्या कॅटलिना विमानातून कॅनडाच्या लिओनार्ड बर्चलने श्रीलंकेवर चालून येणारे जपानी आरमार पाहिले आणि स्वतः पाडले जाण्यापूर्वी त्याची खबर दिली. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर बाँब पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर. बंगालचा उपसागर किती धोक्याचा झाला होता, हे त्या तीन दिवसांवरून कळते.

क्वांटासचा प्रमुख हडसन फिश या मार्गासाठी हट्टाला पेटला होता. लंडनशी असलेला दुवा एकदा पूर्ण सुटला तर युद्धानंतर तो दुसराच कुणी जोडेल आणि आपली कंपनी देशांतर्गत उड्डाणांपुरती उरेल, ही भीती त्याला होती. मला ती रास्त वाटते. ज्या कंपनीने वाट पाडली तिने ती जिवंत ठेवली नाही, तर नंतर तिच्या हक्काला काय अर्थ उरतो? ब्रिटिश सरकारने अखेर कॅटलिना विमाने दिली. अमेरिकेने लेंड-लीज योजनेखाली ब्रिटनला दिलेल्यांपैकीच ती होती. एकूण पाच विमाने या सेवेत आली आणि ज्यांच्या आधाराने वाट शोधायची त्या ताऱ्यांचीच नावे त्यांना मिळाली. व्हेगा म्हणजे आपला अभिजित, अल्टेअर म्हणजे श्रवण, अँटारेस म्हणजे ज्येष्ठा, स्पायका म्हणजे चित्रा, आणि पाचवा मृगातला रायगेल.

कॅटलिना हे वेगासाठी ओळखले जाणारे विमान नव्हते. दोन इंजिने, एकतीस मीटरांहून लांब पंख, आणि स्थिर हवेत ताशी दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेर चाल. तिचा खरा गुण म्हणजे दम. त्या दमालाही आणखी ताणायचे होते. म्हणून बंदुका काढल्या, जे जे सामान काढता येईल ते सगळे काढले आणि पोटात जादा टाक्या बसवल्या. सुमारे नऊ हजार लिटर पेट्रोल भरले की विमानाचे वजन सोळा टनांच्या घरात जाई, आणि त्यात नुसते पेट्रोलच साडेसहा टन. मग माणसांसाठी उरे ते एवढेच: बहुतेक वेळा तीन प्रवासी आणि सुमारे ६९ किलो टपाल. टपाल कमीत कमी वजनाची व्हावी म्हणून त्या काळी सैनिकांच्या पत्रांचे सूक्ष्म फोटो फिल्मवर घेत आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा कागदावर छापून वाटत.

एवढे वजन घेऊन पाण्यावरून उठणे हीच पहिली कसोटी. विमान लांबच लांब धावत राही, पाणी सोडायला तयारच नसे. उठल्यानंतरचे पहिले कित्येक तास फार बिकट. त्या अवधीत एक इंजिन बंद पडले असते तर दुसऱ्या एकट्याला तो भार पेलवला नसता. पेट्रोल समुद्रात सोडून द्यावे तर पल्ला गाठता येत नाही, न सोडावे तर विमान खाली येते. बिल क्राउदर, रसेल टॅप यांच्यासारखे जुने कप्तान हे सगळे जाणून प्रत्येक वेळी निघत. ते सैनिक नव्हते, नागरी कंपनीचे वैमानिक होते. त्यांच्या विमानात शस्त्र नव्हते, आणि पाण्यात उतरावे लागलेच तर वाचवायला कुणी येण्याची आशाही फारशी नव्हती.

निघण्याची वेळ अशी साधलेली असे की जपानी विमानांच्या टप्प्यात येणारा पट्टा अंधारातच ओलांडला जावा. वायरलेस सेट होता, पण त्यावरून बोलायचे नाही, कारण एखादा संदेश पाठवला की आपण कुठे आहोत हे शत्रूला कळणार. ऐकायला तेवढी मुभा होती. हवामानाची सांकेतिक माहिती मोर्समध्ये ठरल्या वेळी येई आणि रेडिओ ऑफिसर ती टिपून घेई. बाकी सगळा भार नॅव्हिगेटरवर.

या नॅव्हिगेटरचे काम मला या साऱ्या कथेतले सर्वांत मोठे वाटते. पाच हजार सहाशे किलोमीटरांत जमिनीची एकही भरवशाची खूण नाही. दिवसा सूर्याची आणि रात्री ताऱ्यांची उंची सेक्स्टंटने मोजायची, घड्याळ पाहायचे, तक्ते काढायचे आणि आकडेमोड करून नकाशावर टिंब द्यायचे. विमान हलत असते, ढग मध्ये येतात, डोळे तारवटतात. वारा विमानाला बाजूला किती ढकलतो हे कळण्यासाठी खालच्या पाण्याकडे पाहून अदमास घ्यायचा. सुरुवातीलाच दिशा एका अंशाने चुकली आणि वाटेत ती सुधारली नाही, तर पलीकडे पोचताना चूक ऐंशी-नव्वद किलोमीटरांची होते. श्रीलंका तसे मोठे बेट आहे, पण आपण नेमके दक्षिण टोकाला उतरणार आहोत आणि त्याच्या आणखी दक्षिणेला फक्त पाणी आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

वेळेचा हिशेबही वाऱ्यावरच ठरे. स्थिर हवेत विमानाची चाल ताशी १९० किलोमीटर धरली, तर समोरून फक्त वीस किलोमीटरांचा वारा लागला की प्रवास ३३ तासांचा होतो, आणि तोच वारा पाठीमागून मिळाला तर २७ तासांचा. आजच्या जेट विमानाच्या नऊशेच्या वेगापुढे वीस किलोमीटर म्हणजे काहीच नाहीत. इथे त्या विसांनी सहा तासांचा फरक पडे, आणि सहा तास म्हणजे दीड हजार लिटरांहून अधिक पेट्रोल. सर्वांत लांबलेले उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचे झाले.

पर्थ ११६ रेखांशाजवळ आहे, कोग्गला ८० रेखांशाजवळ. म्हणजे सूर्य कोग्गल्याला पर्थपेक्षा साधारण दोन तास चोवीस मिनिटे उशिरा उगवतो. पहाटे निघालेल्या विमानाला पहिला सूर्योदय निघाल्यावर लगेच दिसे. मग पूर्ण दिवस, पूर्ण रात्र, आणि विमान अजून समुद्रावरच असताना दुसरा सूर्योदय. त्यामुळेच या सेवेला ‘डबल सनराइज’ हे नाव पडले. प्रवास पुरा करणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला एक प्रमाणपत्र मिळे. आपण ‘सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’चे सदस्य आहोत आणि चोवीस तासांहून अधिक काळ सलग हवेत राहिलो आहोत, असा त्याचा मजकूर. युद्धाच्या धामधुमीत कुणीतरी बसून हे प्रमाणपत्र रेखाटले, छापून घेतले आणि न चुकता भरून दिले, याचे मला फार कौतुक वाटते. तीस तास इंजिनांच्या गडगडाटात, गार आणि अरुंद जागेत काढलेल्या माणसाला आपण काहीतरी विशेष करून आलो हे सांगायला तेवढा कागद पुरेसा होता.

जून १९४३ च्या अखेरीस सुरू झालेली ही सेवा जुलै १९४५ पर्यंत चालली. पुढे ती कराचीपर्यंत वाढवली गेली. नकाशावर कोग्गला ते कराची रेघ ओढली तर ती गोवा आणि कोकणच्या किनाऱ्याला लगटून जाते. कराचीला ब्रिटिश कंपनीची विमाने भेटत आणि टपाल लंडनकडे जाई. एकवीस हजार किलोमीटरांची ती जुनी साखळी अशी पुन्हा जोडली गेली. दोन वर्षांत २७१ वेळा महासागर ओलांडला गेला आणि सुमारे साडेआठशे प्रवासी पोचले. या मार्गावर एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. अवघड वाटेवर अपघात झाला की त्याची नोंद इतिहासात मोठ्या अक्षरात होते. इथे तो झाला नाही, म्हणूनच ही सेवा इतकी कमी लोकांना माहीत असावी असे वाटते.

१९४४ च्या जूनपासून या कामाला चार इंजिनांचे लिबरेटर विमानही आले. ते वायव्य ऑस्ट्रेलियातल्या लिअरमंथहून श्रीलंकेत रत्मलानाला उतरे. वेळ जवळपास निम्म्यावर आला आणि माणसेही अधिक मावू लागली. या विमानांवर क्वांटासने कांगारूचे चिन्ह पहिल्यांदा लावले. मे १९४५ च्या अखेरीस लँकास्टर बाँबरपासून बनवलेली लँकास्ट्रियन विमाने सिडनी आणि इंग्लंड यांच्यामध्ये ये-जा करू लागली आणि प्रवास तीन दिवसांवर आला. आता धावपट्ट्या होत्या, वेग होता, शत्रू मागे हटला होता. कॅटलिनांचे काम संपले. लेंड-लीजच्या अटीप्रमाणे ती विमाने परत करायची किंवा नष्ट करायची होती, म्हणून युद्धानंतर ती समुद्रात बुडवण्यात आली, त्यांतली बहुतेक पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटाजवळ. एखादे तरी राखून ठेवायला हवे होते.

पुढचा वेग सर्वांच्या ओळखीचा आहे. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासचे कॉन्स्टेलेशन विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत सिडनीहून लंडनला निघाले आणि चौथ्या दिवशी पोचले. त्याच जातीचे ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले आणि एअर इंडियाचा परदेशप्रवास सुरू झाला. मग जेट विमाने आली आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला. २४ मार्च २०१८ रोजी पर्थहून उठलेले बोइंग ७८७ सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर कुठेही न थांबता दुसऱ्या दिवशी पहाटे लंडनला उतरले. वेळ लागला सतरा तासांच्या आसपास.

तरीही दोन विमानतळांमधला वेळ नुसत्या अंतरावर ठरत नाही, हे १९४२ इतकेच आजही खरे आहे. एप्रिल २०२४ मध्ये इराण आणि इस्राएलमधला तणाव वाढला, तेव्हा पर्थहून लंडनला जाणारे हेच विमान आकाशमार्ग बदलून काही काळ सिंगापूरला पेट्रोल घेऊन जात होते. जे सिंगापूर पडल्यामुळे कॅटलिनांची वाट निघाली, तेच या वेळी आधाराला आले. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश बंद झाले आणि हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांत पोचणाऱ्या फिनएअरला उत्तर ध्रुवाकडून वळसा घालून तेरा तास लागू लागले. त्या कंपनीने ध्रुवावरून जाणाऱ्या प्रवाशांना प्रमाणपत्रे दिली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. त्यानंतर दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमाने युरोपात थांबून पेट्रोल घेऊ लागली.

सिडनी ते लंडन हा सतरा हजार किलोमीटरांचा टप्पा एका उड्डाणात गाठण्याच्या आपल्या योजनेला क्वांटासने ‘प्रोजेक्ट सनराइज’ हे नाव दिले, ते त्या जुन्या सेवेवरूनच. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोजकी माणसे घेऊन लंडन ते सिडनी हे चाचणी-उड्डाण झाले. त्याला १९ तास १९ मिनिटे लागली आणि विमानातल्यांनी दोन सूर्योदय पाहिले. या योजनेसाठी मागवलेल्या एअरबस ए-३५० विमानांत फक्त २३८ आसने आहेत, या जातीच्या नेहमीच्या विमानांपेक्षा पुष्कळ कमी. आणि पोटात मागच्या बाजूला वीस हजार लिटरची जादा टाकी बसवलेली आहे.